केराबाईचा मधला रकाना

चूक कुमारची होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ते कुणी म्हणणार नाही; कुमार तर नाहीच नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मृत्युंजय मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे. दीडशेच्या आसपास माणूस. त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता कारखान्याच्या दारात नव्या फाटकाचं उद्घाटन होतं. नवं म्हणजे आपल्याला नवं. पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या मॉलमधून मालकांनी भंगाराच्या भावात उचलून आणलेली फिरती लोखंडी जाळी होती ती. बाजूच्या खांबावर एक टीव्ही टांगला होता. कामगारानं कार्ड दाखवायचं, टीव्हीवर नाव यायचं, जाळी फिरायची, माणूस आत, हजेरी लागली. हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो प्रोग्राम कुमारनं लिहिला होता. सी भाषेत लिहिला होता, कारण पॉलिटेक्निकात तीन वर्षांत त्याला तेवढी एकच भाषा बरी आली होती, आणि मालकांचं म्हणणं होतं, "तुला येतंय ना? मग विकत कशाला आणायचं बे?"

हैदराबादच्या हॉटेलवाल्यांची दोन माणसं माल बघायला आली होती. मालकांनी मुद्दाम तोच मुहूर्त धरला. पहिल्या पाळीचे सगळे काम थांबवून बाहेर उभे, पेढ्याचा पुडा निंगप्पा मुकादमाच्या हातात, जाळीला झेंडूची माळ. नारळ फुटला. मालकांनी खिशातून एक नंबरचं कार्ड काढलं, पाहुण्यांकडं बघून हसले आणि यंत्राला दाखवलं.

लाल दिवा लागला. जाळी तसूभर हलली नाही. टीव्हीवर हातभर अक्षरांत आलं:

केराबाई लवटे ११८
कामावरून कमी

मालकांनी कार्ड पुसलं, परत दाखवलं. टीव्हीनं परत तेच सांगितलं. पाठीमागून कुणीतरी बाई फस्सकन हसली. मग एकदा बांध फुटल्यावर काय राहतंय. शिलाईच्या बायका पदर तोंडाला लावून वाकल्या, यंत्रमागवाले एकमेकांच्या खांद्यावर पडले. हैदराबादच्या पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, पण लाल दिवा कुठल्याही भाषेत लालच असतो. त्यातला एक सभ्यपणानं आभाळाकडं बघू लागला. शेवटी मालक स्वतःच्या कारखान्यात सुताच्या गाड्या जातात त्या मागच्या दारानं शिरले. झेंडूची माळ जाळीवर तशीच.

केराबाई त्या वेळी आतच होती. ती झाडूवाली. सहाला यायची, त्या दिवशी जाळी चालू व्हायच्या आधीच आत गेली होती. मागांखालचा कापूसकचरा ओढून काढता काढता तिला एवढंच ऐकू आलं की बाहेर कुणीतरी तिच्या नावानं हसतंय. तिनं कचरा पोत्यात भरला आणि पुढच्या मागाकडं गेली.

कुमारनं आपल्या खोलीत जाऊन संगणक उघडला. चूक सापडायला त्याला चहा थंड व्हायचा वेळसुद्धा लागला नाही.

कामगारांची खाती एका फाईलमध्ये होती. एका ओळीत एक माणूस. आधी नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, मग कार्डाचा नंबर, आणि शेवटी एक किंवा शून्य. एक म्हणजे कामावर आहे, शून्य म्हणजे कमी केलेला. प्रोग्राम प्रत्येक खेपेला तीन शब्द आणि दोन आकडे उचलायचा. ओळीबिळीशी त्याला देणंघेणं नव्हतं, मोजून पाच घास. बाकी सगळ्यांच्या ओळीत पाच घास होते. केराबाईच्या ओळीत चारच: केराबाई, लवटे, एकशे अठरा, एक. मग प्रोग्रामनं काय करावं? एकशे अठराला आडनाव समजून गिळलं. शेवटच्या एकाला कार्डाचा नंबर धरला. पाचव्या घासाला हात घातला तर पुढच्या माणसाचं नाव हाताला लागलं. तो आकडा नव्हे म्हणून सोडून दिला, आणि आधीच्या ओळीतलं जे तोंडात राहिलं होतं तेच चघळलं. आधीची ओळ होती ज्ञानबा वॉचमनची. तो गेल्या महिन्यात घरी बसला होता, म्हणजे शून्य. झालं. एक नंबरचा कप्पा मालकांचा. त्याच्यावर केराबाई जाऊन बसली, तीही कामावरून कमी होऊन.

दर खेपेला किती घास तोंडात आले ते मोजावं, पाच नसतील तर थांबावं, हे पॉलिटेक्निकात सरांनी फळ्यावर दोन रेघा मारून सांगितलं होतं. कुमार त्या तासाला हजर होता. पण वही निराळी आणि हात निराळा. आदल्या दिवशी त्यानं तपासलं ते फक्त स्वतःचं कार्ड. जाळी फिरली. तो खूश होऊन केमची गाडी पकडून घरी जेवायला गेला.

दुरुस्तीला दोन-तीन ओळी पुरल्या असत्या. पण दुरुस्ती केली तर आधी बिघाड कुणी केला ते सांगावं लागतं, आणि कुमारला कायम करायला अजून दोन महिने बाकी होते. केममध्ये त्याच्या वडिलांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, पोरगं सोलापुरात इंजिनिअर हाय म्हणून.

दुपारी मालकांनी बोलावलं. निंगप्पा आधीच उभा होता.

"काय बे हे? मी कामावरून कमी? माझ्या दारात?"

"सर, डेटामध्ये प्रॉब्लेम होता."

"मराठीत सांग."

"एका बाईनं नाव अर्धं दिलंय, सर. तीन शब्दांच्या जागी दोनच. त्यामुळं मशीन सरकलं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतका सोपा गेला.

"कोण बाई?"

"केराबाई. झाडूवाल्या."

"झाडूवाली माझ्या नंबरावर." मालक निंगप्पाकडं बघून म्हणाले. निंगप्पानं हसावं की हसू नये हे ठरेपर्यंत मिशीवरून हात फिरवला. "तिचं खातं उडव आधी. पुरं नाव दिलं तर परत घाल. शनिवारपर्यंत दिलं नाही तर निंगप्पा, दुसरी बाई बघ."

कुमारनं तिची ओळ पुसली. जाळी सुतासारखी सरळ चालायला लागली. मालकांनी संध्याकाळी तीन वेळा आत-बाहेर करून पाहिलं.

आता तो मधला रकाना रिकामा का होता, तर तेही कुमारचंच काम. आठवडाभरापूर्वी तो पाटी-पेन्सिलीसारखा लॅपटॉप घेऊन खात्याखात्यात फिरून नावं घेत होता. केराबाई त्याला कचऱ्याच्या पोत्यांपाशी भेटली. पन्नाशी उलटलेली, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कुठला रं तू?"

"केम, मावशी."

"कुंकवाचं केम? मग आपलं सोयरंच की!" तिनं कपाळाला बोट लावलं. "तुज्या गावचं रोज डोस्क्यावर घेऊन फिरती."

नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं विचारलं तर म्हणाली, "ते लिवू नगं."

"नवऱ्याचं नको तर वडिलांचं सांगा."

"ते बी नगं. एकानं इकलं आन् एकानं परत धाडलं. दोगं बी बाजूलाच बरी."

मग पोतं बांधता बांधता तिनं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. लग्नात बापानं पन्नास मेंढरं दिली. नवऱ्यानं दोन वर्षांत सगळी विकली आणि दुसरीला घेऊन कराडकडं गेला. पैसा संपल्यावर आला, हिला मारली, परत गेला. ती दोनदा माहेरी पळून आली, दोनदा बापानं नांदायला परत नेऊन घातली. तिसऱ्या खेपेला डावं मनगट मोडून आली. बापानं हळद-चुन्याचा लेप लावला, भाकरी बांधून दिली आणि सकाळच्या एसटीत बसवली. सोलापूरला एसटी बदलायची होती. तिनं बदलली नाही. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली.

नवऱ्याचं नाव बिरुदेव. म्हणजे पंचाईत बघा, देवाचंच. त्या दिवसापासून तिनं देवाचंसुद्धा नाव घेतलं नाही. जवळच्या कुंभारी गावात तिच्या खोलीत देवाचा टाक होता, त्याला हात जोडायची, भंडारा उधळायची, पण तोंडानं "आपला देव" म्हणायची, पुढं नाही. आधारकार्ड निघालं तेव्हा केंद्रावरच्या मुलाशी तीन दिवस भांडली आणि दोनच शब्द छापून घेतले. "आडनाव तेवडं ठिवलंय," म्हणाली. "ते सगळ्या भावकीचं हाय, बापाच्या एकट्याचं न्हाय."

कुमारला ते ऐकून भरून आलं. त्यानं मोठ्या मनानं मधला रकाना मोकळा सोडला. आयुष्यात त्यानं एवढ्या मोठ्या मनानं केलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीच फाईलमध्ये अडकली.

मंगळवारी सकाळी सहाला जाळी तिच्यासाठी फिरली नाही. निंगप्पानं मागचं दार उघडलं, एक हात पोटावर ठेवून वाकला आणि म्हणाला, "बर्री, या या, मालकीणबाई. गाडीनं आलात का चालत?"

दोन दिवसांत सगळ्या कारखान्यात ती मालकीणबाई झाली. शिलाईतली राजेश्वरी, जिच्या पोराला केराबाईनं दोन वर्षं सांभाळलं होतं, ती शिवणीवरून मान न उचलता ओरडायची, "मालकीणबाई, पगार वाढवा की!" पॅकिंगची अक्कम्मा पिंपावर ग्लास घेऊन उभी राहायची, "आदी मालकीण पाणी पिणार, मग आमी." मागवाले मुद्दाम कापूस खाली टाकायचे आणि म्हणायचे, "राहू द्या मालकीण, तुम्ही कशाला, आमी काढतो," आणि काढायचे नाहीत. पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी एक-दोघींना शिव्या दिल्या. त्यानंतर नुसती झाडत राहिली. कारखाना रोज लखलखीत होत होता, आणि मशीन रोज सांगत होतं की ती आलेलीच नाही.

बुधवारी कुमार तिच्याकडं गेला. ती जेवत होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा.

"मावशी, शनिवारपर्यंत मधलं नाव पाहिजे. मालक म्हणतात."

"मालक म्हंत्यात का मशीन म्हंतंय?"

"दोन्ही."

"तुज्या मशिनला तीनापतुरच मोजाय येतंय व्हय? दोन आली की रडतंय?"

"तसं बनवलंय, मावशी."

"कुणी?"

कुमारनं कांद्याकडं बघितलं. "तसंच असतं ते. कंप्युटरचं."

"दुरुस्त हुईत न्हाय?"

"होतं. पण लई वेळ लागतो. लई किचकट आहे."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्याच्या हातात दिला. "खा. वाळलायस." तो उभ्या उभ्या खात होता, तेवढ्यात म्हणाली, "काय तरी खोटं नाव घाल की रं. दगड घाल, धोंडा घाल. कुणाला काय कळतंय?"

तीन दिवसांत कुमारला ते सुचलंच नव्हतं. एक टिंब घातलं असतं तरी मशीनचं पोट भरलं असतं. तो धावत मालकांकडं गेला. मालक फोनवर हैदराबादशी बोलत होते. ऑर्डर अर्ध्यावर आली होती. त्यांनी फोन ठेवला, त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टिंब? दीडशे माणसांत एकटीलाच टिंब? का बे, ती कोण लागून गेली?"

कुमार म्हणाला, "नाही सर, मी आपलं विचारलं." आणि बाहेर आला.

शनिवारी केराबाईला सहाऐवजी सातला बोलावलं होतं, पहिल्या पाळीबरोबर, सगळ्यांदेखत. ही निंगप्पाची कल्पना. जाळीसमोर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर कुमार, मांडीवर लॅपटॉप. समोर केराबाई, हातात झाडू. आज धुवट लुगडं नेसली होती.

"सांगा नाव," कुमार हळू आवाजात म्हणाला. "इकडं कानात सांगितलं तरी चालेल."

"कानात कसं?" निंगप्पा पुढं झाला. "मालकाची इज्जत गेली दारात, कानात नाही. आणि नुसतं नाही घ्यायचं हां केराक्का. नवऱ्याचं नाव बाईनं कसं घ्यायचं असतंय?"

"उखाण्यात!" राजेश्वरी मागून ओरडली.

"उखाण्यात, उखाण्यात!" बायकांनी टाळ्या धरल्या. हळदी-कुंकवाला नव्या सुनेला दारात अडवतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, तशा त्या जाळीला आडव्या उभ्या राहिल्या. अक्कम्मानं तर पदर कमरेला खोचला. त्यांना त्यात वाईट काही दिसत नव्हतं. सणासारखं वाटत होतं.

केराबाईनं एकेकीकडं पाहिलं. मग कुमारकडं. कुमारच्या पडद्यावर तिची परत घातलेली ओळ होती, मधे कर्सर लुकलुकत होता. एक टिंब. एक बोट. मालक वरच्या खिडकीत चहा पीत उभे होते. कुमारचं बोट कीबोर्डवर होतं आणि तिथंच राहिलं.

"माझ्या जागी कोन येनार?" तिनं निंगप्पाला विचारलं.

"आलीय की. बाहेर बसलीय रिक्षात. वीस वर्षांची हाय."

केराबाईनं झाडू डाव्या हातात घेतला. ते मनगट वाकडंच बसलेलं होतं. खालच्या आवाजात, पण स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"पन्नास मेंढरं इकली त्यानं सांगोल्याच्या बाजारात,
बिरुदेवाचं नाव घेती कारखान्याच्या दारात."

एवढा जुळलेला उखाणा त्या कारखान्यात कुणी कधी घेतला नव्हता. निंगप्पा "व्वा री व्वा!" म्हणाला. मागून कुणीतरी "आणखी एक!" ओरडलं. दोन-तीन बायकांच्या टाळ्या मधेच थांबल्या. त्यांनी पदर सावरला आणि इकडंतिकडं बघू लागल्या. राजेश्वरी मात्र हसतच होती, पेढा मागत होती.

कुमारनं सहा-सात अक्षरं दाबली. केराबाईनं कार्ड दाखवलं. हिरवा दिवा. टीव्हीवर आलं: सुस्वागतम, केराबाई बिरुदेव लवटे.

तिनं ते वाचलं. तिला अक्षरं येत होती, थोडकी.

"नाव नवऱ्याचं, आडनाव म्हायेरचं," ती म्हणाली. "अशी बाई न्हाय कुटं." आणि जाळी ढकलून आत गेली. रिक्षातल्या पोरीला निंगप्पानं पेढा देऊन परत पाठवलं.

पुढच्या गुरुवारी मालकांची भाची उर्वी पुण्याहून आली. ऑनलाइन ऑर्डरी बघणार होती. पोरगी चांगली, बोलायला मोकळी, सगळ्यांना अहो-जाहो करणारी. तिनं कुमारला सांगितलं, "माझं फक्त उर्वी लिहा. मी मधलं नाव, आडनाव काहीच लावत नाही."

"ते मशीनला…" कुमारनं सुरुवात केली.

मालक तिथंच उभे होते. "नाही लावत म्हणतेय ना ती? तिला पाहिजे तसं कर. बघू, किती वेळ लागतोय."

कुमार बसला. घास मोजायच्या दोन ओळी घातल्या, ओळ संपली की थांबायची एक घातली. मालकांनी घड्याळात पाहिलं. "दहा मिनिटं," म्हणाले, आणि उर्वीला कारखाना दाखवायला घेऊन गेले. त्यांना काही आठवलं नाही. आठवण्यासारखं त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

दुपारी केराबाई कुमारच्या खोलीत झाडायला आली. टेबलाखालून झाडू घातला. पडद्याकडं न बघता म्हणाली, "त्या पोरीचं येकच नाव दिसतंय टीव्हीवर."

"हां. केलं मी दुरुस्त."

"किती दिस लागलं?"

त्यानं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्या क्षणी त्याच्यापाशी तयार खोटं नव्हतं. "दहा मिनिटं."

झाडू थांबला.

"दहा मिनटं," केराबाई म्हणाली. मग, "पाय वर घे."

त्यानं पाय वर घेतले. तिनं खुर्चीखालचं झाडलं, कोपऱ्यातलं काढलं, सुपलीत भरलं. दारात थांबून म्हणाली, "मग माजं बी काड."

कुमारनं लगेच काढलं असतं. पण या वेळी फाईल त्याच्या एकट्याची राहिली नव्हती. शनिवारी टीव्हीवर आलेलं नाव ऑफिसच्या क्लार्कनं, वेणीमाधवांनी, उचलून पीएफच्या कागदांवर, विम्याच्या कार्डावर, हजेरीच्या जुन्या वहीतसुद्धा चढवलं होतं. वेणीमाधव तीस वर्षं कागद सांभाळणारा माणूस, वाईट नव्हे. त्यांनी चष्मा वर केला. "नाव घालताना मला कुणी विचारलं नाही. काढताना मात्र विचारावं लागेल, कुमारराव. नावात बदल म्हटला की प्रतिज्ञापत्र. नोटरीचं. आणा, पाच मिनिटांत काढतो."

"पण त्यांच्या आधारवर दोनच शब्द आहेत, साहेब."

"मग पीएफवर तीन कुठून आले? कुणीतरी दिले ना? तुम्हीच दिलेत."

घालायला एक उखाणा पुरला होता. काढायला नोटरी लागत होता. कुमार म्हणाला, मी नेतो मावशींना. नेऊ दे त्याला, तेवढं तरी.

सोमवारी दुपारची सुट्टी टाकून दोघं कोर्टाबाहेर गेले. झाडाखाली टायपिंगवाल्यांची टेबलं ओळीनं. त्यातल्या एका पोक्त माणसापुढं केराबाई बाकावर बसली, कुमार उभा राहिला. माणसानं कागद चढवला, न विचारताच चार ओळी बडवल्या, मग बोटं थांबवून म्हणाला, "मी, खाली सही करणार, श्रीमती केराबाई… पती कोण?"

"न्हाय."

"वारले?"

"म्हाइत न्हाय. लिवायचं न्हाय."

"मावशी, पतीचं नाव काढायचं प्रतिज्ञापत्र आहे ना? मग पती कोण ते वर लिहावंच लागतंय. कुणाचं नाव काढताय, ते कळायला नको?"

कुमार मधे पडला. "नुसतं केराबाई लवटे लिहा ना, राहणार कुंभारी."

"मी लिहीन हो. वकीलसाहेब शिक्का मारणार नाहीत. पती किंवा वडील. एक तरी पाहिजे." तो त्रासला नव्हता, रोजचंच होतं त्याचं. "त्याशिवाय बाई कोण, हे कसं ठरवायचं?"

केराबाईनं कागदाकडं पाहिलं. चार ओळी काळ्या, मग रिकामी जागा, टिंबाटिंबांची.

"म्हंजी काडायला परत घ्यायचं," ती म्हणाली. "शिक्का मारून."

"एकदाच, मावशी," कुमार म्हणाला. "मग कायमचं गेलं. एकदा तर घेतलंच आहे ना…"

ते वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. पदर सारखा केला आणि उठली.

"राहू द्या, साहेब. काडा कागुद."

"अर्धा झालाय. चाळीस रुपये होतील."

"मी देतो, मी देतो," कुमारनं फोन काढला. पाटीवरचा पैसे भरायचा क्यूआरचा चौकोन टिपला. गोल गोल फिरत राहिलं. परत टिपला. रेंज नव्हती, की बँकेचं काही होतं. पाकिटात पैसे ठेवायची त्याला सवय नव्हती. मागं दोन माणसं बाकावर बसायला खोळंबली होती. केराबाईनं कनवटीची गाठ सोडली, दहाच्या चार नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. टायपिंगवाल्यानं अर्धा कागद उपसून चुरगळला आणि टेबलाखालच्या डब्यात टाकला.

"उद्या देतो, मावशी," कुमार म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून कुंभारीच्या रिक्षात जाऊन बसली.

कुमार दोन महिन्यांनी कायम झाला. केममध्ये पेढे वाटले. जाळी आता इतकी सरळ चालते की मालकांनी तिची झेंडूची माळ बदलून प्लास्टिकची घातली. रोज सकाळी सहाला टीव्ही सुस्वागतम म्हणतो, केराबाई बिरुदेव लवटे. ती वर बघत नाही, कार्ड दाखवते आणि आत जाते. अकराला कुमारच्या खोलीत झाडायला येते, "पाय वर घे" एवढंच म्हणते. तो पाय वर घेतो. खिशात हल्ली पाकीट असतं, पाकिटात नोटाही असतात. चाळीस रुपये त्यानं अजून दिलेले नाहीत.